विश्वनाथराव आणि १.८१ ची फॅट

शनिवारी सकाळी साडेपाचला उठणं माझ्या धर्मात बसत नाही. पण गेल्या महिन्यात उठले. स्वारगेटवरून एसटी पकडली आणि सांगलीच्या दिशेने निघाले. कारण काय, तर माझी फ्लॅटमेट. ही बाई भोसरीकडच्या एका छोट्या कंपनीत यंत्रांच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहिते, सगळं ‘सी’ भाषेत. आम्ही फ्लॅटवर तिला ‘सीताई’ म्हणतो. माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आदल्या रात्री सीताई जेवली नव्हती. फोनवर आलेले फोटो झूम करकरून बघत होती. मला वाटलं, ब्रेकअप. मी मॅगी टाकली आणि शेजारी जाऊन बसले. बघते तर दूध डेअरीच्या पावत्यांचे फोटो!

‘‘हे बघ,’’ ती म्हणाली. ‘‘अकरा दिवस, बावीस पावत्या. फॅट किती? १.८१. सकाळी १.८१, संध्याकाळी १.८१.’’

मला फॅट म्हटलं की जिमच आठवते. तिने समजावलं. दूध संकलन केंद्रावर दुधातल्या फॅटवर भाव ठरतो. म्हशीच्या दुधाला सहाच्या पुढे फॅट लागायला हवी. १.८१ म्हणजे एकच अर्थ निघतो : माणूस दुधात पाणी घालतोय. आणि गावात ही शिवी आहे, बरं का. शहरात आपण इन्कम टॅक्समध्ये ॲडजस्टमेंट केली की लोक टाळी देतात. गावात दुधात पाणी घातल्याचा डाग लागला की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक कुजबुजतात.

‘‘पण पाणी घालणारा माणूस रोज इतकं मोजून घालतो का?’’ सीताई म्हणाली. ‘‘२२ वेळा? दुसऱ्या दशांशापर्यंत?’’

मग तिने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि दोन मिनिटं गप्प बसली. मॅगीची पार लापशी झाली. ‘‘आपलाच घोळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘माझाच. उद्या जाते.’’ कंपनीने पाठवलं नव्हतं, ही स्वतःच निघाली. मला कॉलमचा वास आला, मीही निघाले. (पत्रकार म्हणजे गिधाडंच, हे आमच्या मास कॉमच्या पहिल्याच लेक्चरला सांगितलं होतं. बाकीचं सगळं विसरले.)

ज्यांच्या पावत्या होत्या त्या आजोबांचं नाव मी इथे बदललंय. पण बदलताना जाम त्रास झाला, कारण नवं नावही बरोब्बर तेवढ्याच लांबीचं हवं होतं आणि शेवटचं अक्षर तेच हवं होतं. नाहीतर गणित बसत नाही. तर आपण त्यांना विश्वनाथराव म्हणू. बाकी नावंही मी माझीच घातली आहेत.

आता गणित. एसटी साताऱ्याच्या पुढे गेल्यावर सीताईने ते मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं आणि पहिल्यांदा आयुष्यात मला सी भाषेतलं काहीतरी कळलं. तिच्या यंत्रात प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीसाठी एक डबा आहे. कप्प्याकप्प्यांचा, फराळाच्या डब्यासारखा. पहिला कप्पा नावाचा, ३२ बाइट. लगेच शेजारी फॅटचा कप्पा, दोन बाइट. फॅट शंभराने गुणून ठेवतात, म्हणजे ६.८० असेल तर ६८०. इंग्रजी नावं होती तोवर सगळं सुरळीत, कारण इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो. मग गावांनी मागणी केली, पावती मराठीत द्या. रास्त मागणी. कंपनीने मराठी दिलं. आणि मराठी अक्षराला संगणक तीन बाइट घेतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडणारा तो हलन्त, प्रत्येकाला वेगळे तीन.

‘‘विश्वनाथराव, मोज,’’ ती म्हणाली. मोजलं. व, वेलांटी, श, हलन्त, व, न, काना, थ, र, काना, व. अकरा. अकरा त्रिक तेहेतीस. नाव संपलं हे कळण्यासाठी सी भाषा शेवटी एक शून्य ठेवते, ते धरून चौतीस. कप्पा बत्तिसाचा. दोन बाइट शेजारच्या कप्प्यात सांडले. शेजारी कोण? फॅट. यंत्र आधी फॅट मोजून ठेवतं आणि पावती छापताना शेवटी नाव आणून कप्प्यात ओततं. ओतताना ६८० पुसलं गेलं आणि तिथे बसला ‘व’ या अक्षराचा तिसरा बाइट. त्याची किंमत १८१. त्यामागे शून्य. झालं १.८१!

अंगावर काटा आला यार. म्हणजे गावात ज्या आकड्यामुळे माणसाची लाज गेली तो आकडा दुधाचा नव्हताच. तो त्याच्याच नावातला शेवटचा ‘व’ होता. आणि पावतीवर नाव मात्र एकदम करेक्ट छापलं जात होतं, कारण छापणारा शून्य दिसेपर्यंत वाचत जातो, कप्पा ओलांडला तरी त्याला काय.

केंद्राच्या यादीत १४० नावं. ज्ञानेश्वर वाचला : दहा त्रिक तीस, वर शून्य, एकतीस. पुंडलिकरावही वाचले, तेही दहाच. नुसतं विश्वनाथ असतं तर आठच झाले असते. पण मराठी नावं भरताना केंद्राच्या सचिवांनी विचार केला, वडीलधारा माणूस, नुसतं विश्वनाथ कसं लिहायचं? आदराने ‘राव’ लावलं. तिथेच नडलं.

आता तुम्ही म्हणाल, कप्पा भरल्यावर यंत्राने ओतणं थांबवायला नको? मीही हेच म्हटलं. अगदी साधी गोष्ट आहे ना? माझी आई बरणीत लोणचं भरताना गळ्यापाशी आलं की थांबते.

सी थांबत नाही. हाच तर तिचा फंडा आहे. १९७२ च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली, तेव्हाची यंत्रं इवलीशी होती आणि प्रत्येक बाइट सोन्याच्या भावाने वापरला जायचा. सीमध्ये ‘ॲरे’ म्हणजे एकाशेजारी एक मांडलेल्या खणांची रांग. ती रांग दुसऱ्या फंक्शनकडे सोपवली की फक्त पहिल्या खणाचा पत्ता जातो. रांग किती लांब आहे हे जातच नाही. पत्ता सांगितला : शनिवार पेठ, घर नंबर अमुक. वाडा केवढा आहे, शेजारी कोण राहतं, कुठे थांबायचं, ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्यापैकी ज्यांनी इंजिनीअरिंग कॉलेजात टर्बो सीच्या त्या निळ्या स्क्रीनसमोर रात्री काढल्या आहेत आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ उशाला घेऊन झोपलेत, त्यांना हे आठवत असेल. ॲरेच्या बाहेरचा खण वाचला तरी प्रोग्रॅम बिनबोभाट चालायचा आणि काहीतरी भलताच आकडा यायचा. व्हायव्हात याला ‘गार्बेज व्हॅल्यू’ म्हणायचं आणि मार्क घ्यायचे.

ही गार्बेज व्हॅल्यू फार महागात पडलेली आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर एक किडा सोडला. त्याची एक वाट अशीच होती : ५१२ बाइटचा कप्पा, आत ओतले ५३६. वरचे २४ बाइट जिथे सांडले तिथून त्याने यंत्राचा ताबाच घेतला. २०१४ मध्ये हार्टब्लीड आला. तिथे उलटी गंमत. ओतायचं नव्हतं, मागायचं होतं. समोरच्याने थोडेसेच बाइट पाठवले आणि म्हणाला, मी ६४ हजार पाठवले, परत द्या. सर्व्हरने विश्वास ठेवला आणि शेजारच्या खणांतलं काहीबाही, कधी पासवर्डसुद्धा, देऊन टाकलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की ते दरवर्षी ज्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावतात त्यातली सुमारे ७० टक्के याच जातीची, मेमरी चुकीची हाताळल्याची असतात.

मग दुसरी भाषा घ्या की! सीताई हसली. तिच्या हसण्यात, ‘तू मुंबईची लोकल बंद करून मेट्रो का नाही चालवत’, असा भाव होता. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ मध्ये रस्ट ही सुरक्षित भाषा शिरली खरी, पण आतल्या कोट्यवधी ओळी अजून सीमध्येच आहेत. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्यावरच चालतो. आणि हिच्या यंत्रातली चिप देणारी कंपनी सगळी लायब्ररी सीमध्येच देते. तेव्हा प्रश्न असा : भाषा तीच ठेवून, जुना कोड न मोडता, कप्पा भरल्यावर थांबायला तिला शिकवता येईल का?

इथे कंपायलरवाले येतात. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं सी यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. भाषेत नसलेल्या काही खास सोयी तो स्वतःच्या पोटातून देतो, त्यांना ‘बिल्टइन’ म्हणतात. मला ही माणसं भारी आवडली. जगात कुणालाच त्यांची नावं माहीत नाहीत, वर्षानुवर्षं एका शब्दावर वाद घालत बसतात, आणि तो शब्द बरोबर निवडला तर करोडो यंत्रं शहाण्यासारखी वागतात.

पहिली मोठी सोय २००४ मधली. रेड हॅटच्या याकूब येलिनेक यांनी ‘फॉर्टिफाय सोर्स’ आणलं. कॉपी करण्याआधी कंपायलरला बिल्टइनमधून विचारायचं, बाबा रे, समोरचा डबा केवढा आहे? त्याला माहीत असेल तर माप लावायचं, जास्त होत असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा. त्यातही पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर तो अख्ख्या डब्याचं माप बघतो. दुसऱ्या पातळीवर अशा कॉपीला एकेका कप्प्याचं. विश्वनाथरावांचं नाव कप्प्यातून सांडलं, डब्यातून नाही. म्हणजे पहिली पातळी मख्खपणे बघत राहिली असती, दुसरीने पकडलं असतं. सीताईच्या यंत्रात कुठली होती?

‘‘कुठलीच नाही. चालूच केलं नव्हतं.’’ हे ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

पण त्या बिल्टइनचा एक स्वभाव आहे. डब्याचं माप कळलं नाही की तो ‘माहीत नाही’ म्हणतो आणि मग तपासणीच होत नाही. आणि माहीत नाही म्हणायची पाळी बऱ्याचदा येते, कारण सीमधे लोकांची एक जुनी खोड आहे. डब्याचा शेवटचा कप्पा लागेल तेवढा लांबवायचा. दिवसभरात दूध घालणारे साठ आले तर साठ नोंदी, नव्वद आले तर नव्वद. ही खोड इतकी पक्की की लोक शेवटचा कप्पा एक खणाचा लिहून त्यात नव्वद ठेवायचे. १९९९ च्या मानकात त्याला रीतसर जागा मिळाली, मोकळे कंस, आकडाच नाही. पण जुन्या वळणामुळे कंपायलर शेवटी असलेल्या कुठल्याही ॲरेला ‘हा वाढू शकतो हं’ असंच समजत राहिला. नावाचा ३२ चा कप्पा शेवटी असता तर त्यानं तोही वाढीव धरला असता. २०२३ मध्ये जीसीसी १३ ने यावर एक कडक स्विच दिला : मोकळे कंस असतील तोच वाढीव, बाकीचे लिहिले तेवढेच.

मग उरला तो खरोखरचा वाढीव कप्पा. त्याची लांबी कुठेतरी असतेच, बहुधा त्याच डब्यात ‘किती’ म्हणून एक आकडा असतो. फक्त कंपायलरला तो आकडा आणि तो कप्पा यांचं नातं माहीत नसतं. म्हणून आलं ‘काउंटेड बाय’. कप्प्यावर चिठ्ठी लावायची : याची लांबी त्या ‘किती’त आहे. २०२४ मध्ये क्लँग १८ मध्ये आलं, २०२५ मध्ये जीसीसी १५ मध्ये. इतकी साधी चिठ्ठी, आणि भाषेचं वय पन्नाशीच्या पुढे. रिची यांनी स्वतः १९९० मध्ये ॲरेबरोबर लांबीही पाठवायची एक सूचना मांडली होती. ती काही भाषेत आली नाही.

आणि इथे मला सगळ्यात मस्त वाटलेला भाग. चिठ्ठी लावली, पण ‘किती’ भरायचं कुणी? प्रोग्रॅमरने. तो विसरला किंवा आधी नोंदी भरून मागून आकडा लिहिला तर? आकडा शून्य असताना पहिलीच नोंद आली की पहारेकरी म्हणणार, बाहेर! म्हणजे सुरक्षेच्या नादात चांगला चाललेला कोड मोडणार. लिनक्सवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. त्यांची मागणी होती, जागा वाटणाऱ्या मॅक्रोनेच तो आकडा परस्पर भरावा. पण मॅक्रोला कसं कळणार, कुठल्या डब्यात आकड्याचं नाव काय आहे? कुठे ‘किती’ असेल, कुठे ‘संख्या’.

आधी मागणी आली ती ‘आकडा भर’ अशा बिल्टइनची. बनलं ते वेगळं : ‘बिल्टइन काउंटेड बाय रेफ’. हा आकडा भरत नाही. आकडा कुठे ठेवायचा त्याचा पत्ता देतो, आणि चिठ्ठीच नसेल तर रिकामा पत्ता. मला आधी वाटलं, हे काय, अर्धवट काम! तर नाही. पत्ता मिळाला की त्या खणाचा प्रकारही कळतो. समजा ‘किती’साठी एकच बाइट ठेवलाय, त्यात २५५ पर्यंतच मावतं, आणि तुम्ही मागितले ३००. डोळे झाकून भरलं तर ३०० चे ४४ होतात. म्हणजे ज्या रोगावर औषध, त्याच औषधात तो रोग. पत्ता हातात असेल तर मॅक्रो आधी विचारू शकतो, मावतंय का? नाही मावलं तर जागाच देणार नाही. चिठ्ठी नसलेल्या जुन्या डब्यांवरही तोच मॅक्रो चालतो, म्हणजे एका रात्रीत सगळं बदलायला नको. एवढ्यासाठी केवढा खल! नावसुद्धा आधी वेगळं होतं, ‘गेट काउंटेड बाय’, मग बदललं. आमच्या एडिटोरियल मीटिंगमध्ये हेडिंगवर इतका विचार झाला असता तर.

गावात पोचलो तर आजोबा ओट्यावर बसले होते. शेजारी नात, सांगलीला कॉलेजात. हिनेच गोम पकडली होती. फॅट मोजणाऱ्या मशीनवर एक छोटी स्क्रीन असते, सचिवांच्या बाजूला वळवलेली, तिकडे कुणीच बघत नाही. तिने वाकून मोबाइलवर फोटो काढला : स्क्रीनवर ६.८, हातातल्या पावतीवर १.८१. त्याआधी सचिवांना सांगून बघितलं होतं, जुन्या गर्बर पद्धतीने तपासा. तर ॲसिड संपलंय म्हणे. आणि कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं होतं, सेन्सर पुसून घ्या.

सीताईने वही काढून सगळं समजावलं. व, वेलांटी, श. आजोबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे माज्या नावानंच मला खाल्लं व्हय?’’

सचिव खजील झाले होते. तोडगा काढायला म्हणाले, सध्या ‘राव’ काढून टाकतो, संध्याकाळपासून बरोबर येईल. अगदी खरं होतं, आलं असतं. आजोबा म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे. आता सगळ्या गावाला ठावं झालंय. पावतीवर पुरं नाव आनि खरा आकडा येकदम दिसू दे.’’ सीताईने लॅपटॉप जोडून तिथेच नवा प्रोग्रॅम भरला, कप्पा ६४ चा केला. बावीस पावत्यांचा फरक केंद्राने लिहून घेतला. चहा झाला. सायीचा, घट्ट. मी दोन कप प्यायले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, ‘‘समज, तुझा पहारेकरी चालू असता. सकाळी सहाला साठ माणसं रांगेत, आणि यंत्र एका नावावर बंद पडलं. मग?’’

ती बराच वेळ बोलली नाही. ‘‘मग लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना नाही.’’ मग वहीत काहीतरी लिहायला लागली : सगळं यंत्र थांबवायचं नाही, तेवढी एकच पावती अडवायची, बीप द्यायचा, हाताने लिहा म्हणायचं. ते कसं करायचं हे तिला अजून पूर्ण जमलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात तिच्या मॅनेजरने तक्रार बंद केली. शेरा : कप्पा ३२ चा ६४ केला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. हिने एक महिना मागितला, नवा कंपायलर, दुसरी पातळी, सगळ्या वाढीव कप्प्यांवर चिठ्ठ्या. दोन आठवडे मिळाले. नव्या कंपायलरवर पहिल्यांदा कोड चढवला तेव्हा एक्केचाळीस वॉर्निंग्ज आल्या. त्यातल्या एकीत तिला गावाच्या नावाचा कप्पा सापडला. चोवीस बाइटचा, म्हणजे सातच अक्षरं धड मावतात.

काल रात्री अकरापर्यंत तेवीस उरल्या होत्या. कुकर मीच लावला.